बालगंधर्व रंगमंदिर पुण्याचं खरं, पण ते औंढ्याचंही आहे

पाडायचं की दुरुस्त करायचं, हा वाद अनेक वर्षं सुरू आहे. या वादात वाहनतळ आहे, मजले आहेत, सभागृहांची संख्या आहे. नाही तो फक्त प्रेक्षक. त्यातही लोकलने येणारा.

औंढे हे लोणावळ्याला खेटून असलेलं गाव. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून जाणाऱ्यांना औंढे पूल माहीत असतो, गाव माहीत नसतं. इथून नाटक पाहायला जायचं म्हणजे आधी लोणावळा स्टेशन गाठायचं, मग लोकल. मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव करत सव्वा तासाच्या आसपास शिवाजीनगर येतं. तिथून चालत किंवा रिक्षाने जंगली महाराज रस्ता. झाशीच्या राणीचा पुतळा दिसला, की पोचलो.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सोबत आजी होती. तिने आयुष्यात जत्रेतला तमाशा पाहिला होता, देवळातलं कीर्तन ऐकलं होतं, पण खुर्चीत बसून नाटक पाहिलं नव्हतं. रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची चित्रं आहेत. एक पुरुषवेशातलं, एक स्त्रीवेशातलं. आजी दोन्हींपुढे बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "ह्यो बुवा आन् ही बाई एकच व्हय?" मी हो म्हटलं. "मग ह्ये त्येचंच देऊळ म्हनायचं," ती म्हणाली आणि चप्पल काढायला वाकली. तिला आवरावं लागलं.

आज बालगंधर्व रंगमंदिराच्या पुनर्विकासाची बातमी आली, की मला तो प्रसंग आठवतो. आठवणींवर इमारती टिकत नाहीत, हे मान्य. म्हणूनच आधी नीट समजून घेऊ, हे रंगमंदिर नेमकं आहे काय, ते आलं कुठून आणि त्याच्यावर एवढा जीव का.

ज्यांचं नाव दिलं, ते बालगंधर्व कोण?

नाव नारायण श्रीपाद राजहंस. जन्म 26 जून 1888. लहान वयात त्यांचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना 'बालगंधर्व' म्हटलं आणि तेच नाव आयुष्यभर राहिलं. 1905 मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. 1913 मध्ये गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली.

त्या काळी स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करत. शकुंतला, 'मानापमान'मधली भामिनी, 'स्वयंवर'मधली रुक्मिणी, 'एकच प्याला'मधली सिंधू या त्यांच्या भूमिकांनी दोन पिढ्यांना वेड लावलं. घरंदाज बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसू लागल्या, त्यांच्यासारखा अंबाडा घालू लागल्या. पुरुषाने स्त्री साकारावी आणि स्त्रियांनी त्याचं अनुकरण करावं, असं दुसरं उदाहरण चटकन सापडत नाही.

त्यांचा थाटही तसाच होता. भरजरी शालू, खरे दागिने, प्रेक्षागृहात अत्तराचा दरवळ, साथीला अहमदजान थिरकवाँसारखा तबलजी. प्रेक्षकाला ते 'मायबाप' मानत आणि मायबापासाठी हात आखडता घेत नसत. कंपनीवर कर्ज झालं, ते फिटता फिटेना. पण प्रयोगातला दर्जा त्यांनी उतरू दिला नाही.

एक गोष्ट मराठी घरांत अजून सांगितली जाते. 12 मार्च 1911 ला 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांच्या लहान मुलीचं निधन झालं. प्रयोग रद्द झाला नाही. असा माणूस आदर्श मानावा की त्याची कीव करावी, यावर वाद घालता येईल. पण ज्याच्या नावाची वास्तू आपण बोलता बोलता पाडायला निघतो, त्याने रंगभूमीला काय दिलं होतं, एवढं तरी त्यातून कळतं.

पुण्यात त्याआधी नाट्यगृहं नव्हती का?

होती, आणि चांगली गाजलेली होती. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, तिथून आपण मराठी रंगभूमीची सुरुवात मोजतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' 31 ऑक्टोबर 1880 रोजी रंगमंचावर आलं ते पुण्यात, आनंदोद्भव नाट्यगृहात. मराठी संगीत नाटकाचा जन्म पुण्याचा म्हणतात, तो यामुळे.

यात मावळचाही एक धागा आहे. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबई-पुणे एका रुळावर आली. त्यानंतर नाटक कंपन्या माणसं, पडदे, पेट्या, तबले-सारंग्या घेऊन या दोन शहरांत ये-जा करू लागल्या. म्हणजे संगीत नाटक आमच्या दारावरून गेलं. थांबलं मात्र नाही.

नंतर सिनेमा आला. तो बोलू लागला, तशी नाटकाची थिएटरं एकामागून एक सिनेमाची झाली. कंपन्या मोडल्या. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा नाटकाच्या या शहरात नाटकासाठी मोठी, सुसज्ज, सार्वजनिक जागा उरली नव्हती. सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिराने तो काळ सांभाळला, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. 'पुरुषोत्तम करंडक' तिथला, 'घाशीराम कोतवाल'चा 16 डिसेंबर 1972 चा पहिला प्रयोगही तिथलाच. पण हजार माणसं बसतील अशी जागा शहराला हवी होती.

मग हे रंगमंदिर कसं उभं राहिलं?

12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं. मुठेच्या काठचं पुणं वाहून गेलं. हजारो कुटुंबं उघड्यावर आली. शहर अजून त्या चिखलातून सावरत होतं तेव्हा, सव्वा वर्षातच, 8 ऑक्टोबर 1962 ला त्याच मुठेच्या काठाजवळ, संभाजी उद्यानाला लागून एका नाट्यगृहाचा पायाचा दगड बसवला गेला. तो बसवला खुद्द बालगंधर्वांनी.

या गोष्टीकडे आपण पुरेसं पाहत नाही. ज्या शहराला घरं बांधायची होती, पूल बांधायचे होते, त्या शहराने नाट्यगृहही बांधायला घेतलं. आज 'आधी पाणी, रस्ते, कचरा. नाटकबिटक नंतर' असं कुणी म्हणालं, की मला 1962 सालचं पुणं आठवतं. त्यांच्याकडे तर पुराचं निमित्त होतं. ते त्यांनी पुढे केलं नाही.

उभारणीत पु. ल. देशपांडे यांचा मोठा सहभाग होता. पु. ल. लेखक होते, नट होते, गायक-वादक होते, रांगेतले प्रेक्षकही होते. त्यामुळे नटाला विंगेत काय लागतं आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला काय ऐकू यायला हवं, या दोन्हींचा विचार करणारं माणूस योजनेत होतं. सुमारे हजार आसनं, बाल्कनी, वर कलादालन, पुढे मोकळं प्रांगण.

उद्घाटन झालं 26 जून 1968 ला, बालगंधर्वांच्या जन्मदिवशी, यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते. पण ज्यांनी पायाचा दगड बसवला, ते हे पाहायला नव्हते. 15 जुलै 1967 ला, जेमतेम वर्षभर आधी, बालगंधर्व गेले होते. स्वतःच्या नावाच्या रंगमंचावर त्यांना एकदाही उभं राहता आलं नाही.

त्याचं एवढं आकर्षण कशात आहे?

वास्तू म्हणून पाहिलं, तर बालगंधर्व काही राजवाडा नाही. मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊससारखे सोनेरी कठडे आणि झुंबरं इथे नाहीत. पर्यटक फोटो काढायला येत नाहीत. मग लोक जीव का टाकतात?

पहिलं कारण म्हणजे प्रांगण. प्रयोगाआधी अर्धा तास आणि मध्यंतरात तिथे जे घडतं, ते तिकिटात धरलेलं नसतं. कोथरूडचे निवृत्त प्राध्यापक, हडपसरहून आलेलं नवं जोडपं, कॉलेजातली पोरं आणि आमच्यासारखे लोकलवाले एकाच कठड्याला टेकून चहा पितात. शहरात आता अशा जागा किती उरल्या, जिथे काही विकत न घेता उभं राहता येतं?

दुसरं कारण म्हणजे इथे कुणाला मज्जाव नाही. संध्याकाळी संगीत नाटक, दुसऱ्या दिवशी विनोदी नाटक, त्यानंतर लावणी. लावणीचे कार्यक्रम, त्यात खास महिलांसाठीचे प्रयोग, हा बालगंधर्वचा मोठा भाग आहे. नाक मुरडणारे आहेतच. पण ज्या लावणीला गावच्या कनातीत बायकांनी बसायचं नसतं, तीच लावणी इथे हजार बायका शिट्ट्या वाजवत पाहतात. ज्याने साडी नेसून उभा महाराष्ट्र जिंकला त्याच्या नावाच्या वास्तूत हे घडावं, यात मला तर काहीच विसंगत दिसत नाही.

तिसरं कारण, तारखा. नाटकवाल्यांमध्ये 'बालगंधर्वला प्रयोग लागला' हे वाक्य वजनाने म्हटलं जातं. शनिवार-रविवारी दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री साडेनऊ असे तीन प्रयोग लागतात. तिथे पाटी 'हाऊसफुल्ल'ची लागली, की नाटक चाललं, असं निर्माता मानतो. बुकिंगच्या खिडकीपुढची गर्दी आता मोबाइलवर गेली. पण इथल्या गर्दीवरून नाटकाचा अंदाज बांधायची सवय गेलेली नाही.

वाद नेमका काय आहे?

2018 मध्ये पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात पुनर्विकासाची कल्पना पुढे आली. सध्याची इमारत पाडून तिथे एकाऐवजी लहान-मोठी अनेक सभागृहं, नवी कलादालनं आणि मोठं वाहनतळ असलेलं संकुल उभारायचं, असा तिचा रोख. पुढे आराखडे मागवले गेले, समित्या झाल्या, सादरीकरणं झाली. कलावंतांतही दोन तट पडले. काहींना नवं, सोयींनी युक्त संकुल हवं होतं. काहींनी 'हात लावू नका' म्हणून आंदोलन केलं. रंगमंदिर अजून उभं आहे, प्रयोगही होत आहेत. विषय मात्र मिटलेला नाही. तो अधूनमधून वर येतो आणि पुन्हा बसतो.

पाडायला हवं म्हणणाऱ्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ते असं आहे :

- इमारत साठीकडे झुकली आहे. वायरिंग, वातानुकूलन, ध्वनियंत्रणा हे सगळं जुन्या काळच्या गरजांवर बेतलेलं आहे.
- हजार आसनांचं एकच सभागृह प्रायोगिक नाटकाला परवडत नाही. दीडशे-दोनशे माणसांची जागा हवी.
- शहर वाढलं, गाड्या वाढल्या, लावायला जागा नाही.

पहिले दोन मुद्दे मला पटतात. तिसरा पटत नाही. आता जवळच मेट्रोचं छत्रपती संभाजी उद्यान स्थानक आहे. सार्वजनिक वाहतूक दारात आणायची आणि मग गाड्या लावायला जागा नाही म्हणून रंगमंदिर पाडायचं, हे दोन्ही एकदम कसं चालेल?

जपणं म्हणजे हात न लावणं नव्हे

इथे 'पाडू नका' म्हणणाऱ्या आमच्या बाजूलाही एक कडू गोष्ट ऐकावी लागेल.

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आठवा. राजर्षी शाहू महाराजांनी ते उभारलं, 1915 मध्ये ते 'पॅलेस थिएटर' म्हणून सुरू झालं. केशवराव म्हणजे बालगंधर्वांचे तोलामोलाचे समकालीन. 8 जुलै 1921 ला टिळक स्वराज्य फंडासाठी दोघांनी मुंबईत 'संयुक्त मानापमान' केलं. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. त्या केशवरावांच्या नावाचं नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी, 9 ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. त्या रात्री रस्त्यावर उभं राहून रडणारी माणसं सगळ्या महाराष्ट्राने मोबाइलवर पाहिली.

कोल्हापूरकरांनी दुसऱ्याच दिवशी मागणी केली की नाट्यगृह होतं तसंच उभं करा. कुणीही 'आता मोकळी जागा झालीच आहे, तर संकुल बांधा' म्हणालं नाही. जळून गेल्यावरसुद्धा जी गोष्ट लोकांना तशीच हवी असते, ती उभी असताना पाडायची घाई कशाला, हा त्यातला एक धडा.

दुसरा धडा आमच्यासाठी आहे. जुन्या नाट्यगृहात लाकूड असतं, कापडी पडदे असतात, उष्ण दिवे असतात. नुसतं प्रेम केल्याने ते वाचत नाही. वायरिंग तपासावी लागते, अग्निशमन यंत्रणा चालू आहे का, हे दर वर्षी पाहावं लागतं, बाहेर पडायचे दरवाजे मोकळे ठेवावे लागतात. 'वारसा आहे' म्हणून दुरुस्तीलाही हात लावू न देणं, ही जपण्याची नव्हे, हळूहळू गमावण्याची रीत आहे.

मुंबईत दोन्ही प्रकार दिसतात. रॉयल ऑपेरा हाऊस 1993 मध्ये बंद पडलं, त्याची पडझड झाली. पण बारकाईने दुरुस्ती करून 2016 मध्ये ते पुन्हा उघडलं. उलट परळच्या गिरणगावातलं 1922 चं दामोदर नाट्यगृह, कामगारांच्या नाटकांचं हक्काचं घर, 2023 मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. त्यावर रंगकर्मींनी जो आक्रोश केला, तो नव्या इमारतीला विरोध म्हणून नव्हता. गेलेली तालीम, गेलेले प्रयोग आणि तुटलेली सवय परत येईल याची खात्री कोण देणार, हा त्यांचा प्रश्न होता.

हाच मुद्दा पुण्याला लागू आहे. एक नाट्यगृह तीन-चार वर्षं बंद राहिलं, की प्रेक्षक थांबत नाही. तो घरी बसायला शिकतो. इमारत परत बांधता येते. शनिवारी संध्याकाळी घराबाहेर पडायची सवय परत बांधता येत नाही.

आता लोकलचा मुद्दा

या सगळ्या चर्चेत एक माणूस कुठेच नसतो. तो औंढ्यात राहतो, कामशेतला राहतो, कान्ह्याला राहतो.

पुणे-लोणावळा लोकल 1978 मध्ये सुरू झाली. तिच्यामुळे मावळातली पोरं पुण्यात शिकली, दूध-भाजी पुण्याला गेली, नोकऱ्या मिळाल्या. नाटकही मिळालं, पण अर्धंच. रात्री साडेनऊचा प्रयोग बारा-साडेबाराला संपतो. तोवर लोणावळ्याची शेवटची लोकल निघून गेलेली असते. पुढची थेट पहाटे. म्हणजे रात्रीचा प्रयोग आमच्यासाठी नाहीच. उरतो दुपारचा आणि साडेपाचचा. साडेपाचचा प्रयोग वेळेवर सुरू झाला, तर आठ-साडेआठला सुटतो आणि रात्री अकराच्या आत माणूस औंढ्यात घरी पोचतो. तो अर्धा-पाऊण तास उशिरा सुरू झाला, की मावळातून आलेल्या प्रत्येकाचं अर्धं लक्ष रंगमंचावर आणि अर्धं घड्याळावर.

आजीला घेऊन गेलो तेव्हाही आम्ही शेवटचा प्रवेश सोडून उठलो. चूक कुणाची नव्हती. लोकल आमची वाट पाहणार नव्हती. नाटकाचा शेवट काय झाला, हे ती मला पुढे कित्येक महिने विचारत होती. मलाही माहीत नव्हता.

कुणी म्हणेल, जवळची नाट्यगृहं आहेत ना. आहेत. चिंचवडचं प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आम्हाला पुण्यापेक्षा जवळ पडतं आणि तिथे चांगली नाटकं होतात. निगडीला ग. दि. माडगूळकरांच्या नावाचं नाट्यगृह आहे. तळेगाव दाभाड्यात 'कलापिनी'सारखी संस्था वर्षानुवर्षं मुलांना रंगमंचावर उभं करते. हे सगळं वाढायला हवं, याबद्दल दुमत नाही. पण पंढरपूरला जायचं म्हणणाऱ्याला 'गावात विठ्ठलाचं देऊळ आहे की' असं सांगून भागत नाही.

कार्ल्याच्या खांबांवर काय लिहिलंय?

आमच्या घरापासून फार लांब नाही, असं कार्ल्याचं चैत्यगृह आहे. एकवीरेला जाणारे लाखो लोक त्याच्या दारावरून जातात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेलं, देशातल्या सर्वांत मोठ्या कोरीव चैत्यगृहांपैकी एक. आत उभं राहून हळू आवाजात बोललं, तरी तो आवाज छतापर्यंत जातो. ती जागाही अनेकांनी एकत्र बसून ऐकण्यासाठीच होती.

तिथल्या दोन गोष्टी बालगंधर्वच्या वादात मला उपयोगी वाटतात.

छताला लाकडी कमानी आहेत. दगडात कोरलेल्या छताला आधार म्हणून लाकडाची काही गरज नव्हती. पण लाकडी सभागृहात बसायची लोकांना सवय होती, म्हणून त्या बसवल्या. त्या दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. म्हणजे जुनं लाकूड टिकत नाही, हे खरं नाही. लक्ष ठेवलं तर टिकतं.

आणि खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांत व्यापारी आहेत, कारागीर आहेत, भिक्षुणी आहेत, धेनुकाकट नावाच्या गावचे यवन आहेत. कुणी एक खांब दिला, कुणी दुसरा. मुख्य दान वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचं. वैजयंती म्हणजे आजचं कर्नाटकातलं बनवासी. इतक्या लांबून येऊन त्याने मावळात वास्तू उभारली. ती कुणा एका गावाची नव्हती. जे जे पोचू शकत होते, त्या सगळ्यांची होती.

सार्वजनिक वास्तूचं मोजमाप हेच असतं. तिचा मालक कोण, हे महापालिकेच्या कागदावर असतं. ती कुणाची आहे, हे तिथे कोण येतं आणि कुठून येतं, यावर ठरतं.

मग करायचं काय?

माझं मत स्पष्ट आहे. मुख्य रंगमंच, प्रेक्षागृह आणि प्रांगण पाडू नये. बाकी जे करायचं, ते चार गोष्टींत सांगतो.

एक, दुरुस्ती टप्प्याटप्प्याने करा आणि तिचं वेळापत्रक आधी जाहीर करा. वायरिंग, अग्निशमन, स्वच्छतागृहं आणि ध्वनियंत्रणा हा क्रम असावा. पालिकांच्या नाट्यगृहांतल्या स्वच्छतागृहांबद्दल कलाकार वर्षानुवर्षं बोलत आले आहेत. त्यासाठी नवं संकुल लागत नाही, रोजची झाडलोट आणि पाणी लागतं.

दोन, लहान सभागृह हवंच असेल तर ते जरूर बांधा, पण मूळ प्रेक्षागृहाच्या जिवावर नको. शहर चारी दिशांना वाढलं आहे. प्रायोगिक नाटकाची दीडशे खुर्च्यांची जागा तिकडेही चालेल, किंबहुना तिकडेच अधिक गरजेची आहे.

तीन, शनिवार-रविवारी रात्री प्रयोग सुटल्यावर मिळेल अशी एक उशिराची लोकल लोणावळ्यापर्यंत सोडा. ही मागणी फक्त नाटकवेड्यांची नाही. तळेगाव-पिंपरीच्या कारखान्यांत दुसऱ्या पाळीत काम करणारे, पुण्याच्या हॉटेलांत आणि दवाखान्यांत रात्री सुटणारे मावळातले लोक याच गाडीची वाट पाहतील. त्यांच्यासोबत चाळीस-पन्नास प्रेक्षक आले, तर गाडीला जड होणार नाहीत.

चार, आठवड्याच्या मधल्या दिवसांत सकाळी नाट्यगृहांत प्रयोगांची गर्दी नसते. त्यातल्या काही सकाळी मावळ, मुळशी, राजगड (पूर्वीचं वेल्हे) या तालुक्यांतल्या जिल्हा परिषद शाळांसाठी राखून ठेवा. वर्षातून एकदा, एक नाटक. पोरांना आधी ती दोन चित्रं दाखवा. पहिला प्रश्न कुठला येईल, ते मी आत्ताच सांगू शकतो.

शेवटी

पानशेतच्या पुरानंतर सव्वा वर्षात पुण्याने पायाचा दगड बसवला तेव्हा त्यांना ठाऊक होतं की पुन्हा उभं राहिलेलं शहर नुसतं घरांचं असून चालत नाही. संध्याकाळी एकत्र बसायला जागा लागते. ती जागा त्यांनी अशा माणसाच्या हातून सुरू केली, ज्याला ती पाहायला मिळणार नव्हती. आपल्याला ती आयती मिळाली आहे.

आजी आता नाही. तिने अर्धवट पाहिलेलं ते नाटक मी नंतर पुन्हा पाहिलं, साडेपाचच्या प्रयोगाला, शेवटपर्यंत. शेवट चांगला होता. घरी आल्यावर सांगायला मात्र कुणी नव्हतं.

मावळातल्या कुणाही पोराला आपल्या आजीला नाटकाचा शेवट ऐकीव सांगावा लागू नये. त्यासाठी रंगमंदिर उभं लागतं आणि परतीची गाडीही लागते. यातलं एक आपल्याकडे आहे. ते गमावू नये आणि दुसरं मिळवावं, एवढंच म्हणणं आहे.